निम्मा मोर

आई, तुझा प्रोग्रॅम मागच्या आठवड्यात बंद पडला. म्हणजे त्याला काही झालं नव्हतं, चादरीच्या कारखान्यातला तो जुना कॉम्प्युटर जळला. तू ऑफिसात बसायचीस तिथेच होता अजून, कीबोर्डच्या फटीत पांढऱ्या धाग्यांचा भुसा भरलेला. मालकांचा मुलगा आता कारभार बघतो, त्याचा फोन आला. "ताई, मॅडमनी केलेलं ते नक्षीचं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर बसतंय का बगा की. आठवडाभर थांबतो. न्हाय जमलं तर मोराची चादर बंद करून टाकू. बाहेरनं नव्या डिझाइन आणता येतात आता." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि कुकर लावला. वाईट वाटायला हवं होतं, हे मला शिट्टी झाल्यावर सुचलं. तू गेल्यापासून माझं हे असंच आहे. तेव्हाही सगळ्या म्हणत होत्या, रडून घे, मोकळी हो, आणि मी पाहुण्यांच्या चहाचे कप विसळत होते.

तुझ्या कोडची प्रत माझ्याकडे आहे. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर, अशी ती माझ्याबरोबर बिऱ्हाडं बदलत आलीय. मी आता जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये राहते आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. तुझाच धंदा, फक्त मागांचा खडखडाट नाही. दुपारी जेवण झाल्यावर, पंखा गरम हवा इकडून तिकडे ढकलत असताना, तुझी फाईल उघडली आणि नव्या कंपायलरच्या हवाली केली. पडदाभर चुका. तुझी पहिली ओळसुद्धा त्याला ओळखू येईना, कारण तू ज्या नावानं सामान मागवायचीस त्या नावानं ते आता मिळतच नाही.

मला तो सुटीचा दिवस आठवला, तू मला कारखान्यात घेऊन गेली होतीस तो. माग बंद, सगळीकडे रंगाचा आणि तेलाचा वास. तू समजावतेस, कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देणारा, चुकलं की आधी तोच बोंब मारतो. पडद्यावर चुकांची रांग लागते आणि मी शहाणी शेवटच्या चुकीवर बोट ठेवते. तू हातावर चापट मारतेस. "खालनं कशाला सुरू करतीस? वरची बग की आधी. बाकीच्या तिच्या मागनं आल्यात." एखादी चूक सुटलीच नाही की तू तुझ्या मैंदर्गीच्या कानडीत म्हणायचीस, "इरली बिडू." असू दे, सोड. म्हणायचीस फक्त. पोळ्या लाटतानाही तुझ्या डोक्यात तीच चूक असायची, हे पोळीच्या आकारावरून कळायचं.

तर मी वरून सुरुवात केली. बहुतेक चुका किरकोळ होत्या, एकेक ओळ बदलत गेले. शेवटी मोर काढणारी जागा राहिली. मोर तू नेहमी निम्माच काढायचीस, ओट्यावर ग्राफपेपर पसरून, एका हातानं भाकरी उलटत. डावीकडचा पिसारा चौकोन चौकोन भरायचा आणि "उजवा मशीन काढतंय की" म्हणून कागद मिटायचा. प्रोग्रॅममध्येही तेच. डावी बाजू भरणाऱ्या फेऱ्या मोजायला तू i नावाचा मोजणारा ठेवला होतास, आणि फेऱ्या संपल्यावर उजव्या बाजूसाठी पुन्हा त्यालाच हाक मारत होतीस. तुझ्या काळच्या कंपायलरला ते चालायचं. आताचा म्हणतो, या नावाचं इथं कुणी नाही. त्याच्या लेखी फेऱ्या संपल्या की त्यांचा मोजणाराही संपला. मी फार विचार केला नाही. नवा i लिहिला, शून्यापासून सुरू केला. एकही चूक उरली नाही. पेनड्राइव्ह घेऊन कारखान्यात गेले, नव्या मशीनवर सगळं बसवून आले.

दुसऱ्या दिवशी फोन. "ताई, मोर कुटं गेला ओ? निस्त्या किनारी यायलेत. मधी सगळं कोरं हाय."

मी स्कूटीवरून गेले. चादर मागावरून काढून ठेवली होती, दोन्हीकडे छान किनार आणि मध्ये काही नाही. वीण घट्ट, धागा कुठे तुटलेला नाही. कंपायलरची तक्रार नव्हती, मागाची तक्रार नव्हती. मी ती हातात धरून उभी राहिले. इतकी वर्षं मी अशीच चाललेय, असं मनात आलं, आणि त्याचंही काही वाटलं नाही. मालकांचा मुलगा म्हणाला, "जाऊ द्या ताई, लई जुनं झालंय ते."

घरी येऊन मी तुझी चादर काढली. प्रोग्रॅमच्या पहिल्या चाचणीत विणलेली, दहावी झाल्यावर तू मला दिली होतीस ती. कॉटवर पसरली आणि पिसाऱ्याच्या मधोमध, जिथे तुझा निम्मा मोर संपतो आणि मशीनचा सुरू होतो, तिथे बोट ठेवलं. मग कळलं. तुझा i मधोमध येऊन थांबत होता आणि तिथूनच उजवीकडचा मोर पुढे नेत होता. माझा नवा i शून्यापासून निघाला, उजवीकडचं कोरेपण डावीकडे आणत गेला. तुझा मोर मी पुसला होता.

उपाय सोपा होता. i फेऱ्यांच्या आत जन्माला घालायचा नाही, एक ओळ वर न्यायचा. कंपनीतल्या नव्या मुलांना मी हेच शिकवते. पण मधल्या काळातली कंपायलरची एक आवृत्ती आहे, ती आताच्याइतकी कडक नाही. कुरकुर करते, पण विनंती केली तर जुनी रीत चालवून घेते. मी ती शोधून काढली, कारखान्यातल्या मशीनवर घातली, माझा i खोडला आणि तुझी ओळ होती तशी परत ठेवली. संध्याकाळी फोन आला, "आला बगा मोर! पाक पैल्यासारखा." मागे माग चालल्याचा आवाज येत होता. चादर बंद होणार नाही. मी बरं म्हटलं. रडू येईल असं वाटलं होतं, थोडा वेळ वाटही बघितली.

हे तुझ्या कोडशेजारीच एका फाईलमध्ये लिहितेय, पाठवायचं कुठे नाहीच. मालकांच्या मुलाला मी सांगितलं, सगळं पक्कं बसवलंय. पक्कं नाही बसवलं. कधीतरी हेही मशीन जाईल, प्रोग्रॅम पुन्हा नव्यानं बांधावा लागेल, तुझी ओळ तिथेच अडेल आणि त्यांना मलाच बोलवावं लागेल. माझ्या हाताखालच्या कुणी असं काम केलं असतं तर मी ते परत करायला लावलं असतं. तूही चापट मारली असतीस. पण ती ओळ दुरुस्त केली असती, आई, तर तुझ्या प्रोग्रॅमला माझी गरज राहिली नसती.