कच्चा कांदा बंद

भिवंडी, मार्च २००६

अहो,

तुम्ही वडप्याला गोडाऊनच्या ड्युटीवर आहात, म्हणून लिहितेय. तोंडावर हे सांगणं मला जमणार नाही.

तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपता. मला वाटायचं, मी नकोशी झाले. शेवटी होमिओपॅथीच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, नवरा जवळ आला की काय वाटतं? लग्नाच्या सहा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, हवासा वाटतो, पण लाज आडवी येते. त्यांनी साखरेच्या गोळ्या दिल्या आणि कच्चा कांदा बंद केला.

कांद्याशिवाय न जेवणारे तुम्ही, पण काल तुम्हीही कांदा बाजूला सारलात. आज तुम्ही घरी विसरलेल्या डब्याच्या पिशवीत त्याच बाईंची बाटली सापडली.

हे पत्र फाडते. दोन्ही बाटल्या आरशापुढे शेजारी ठेवते.

तुमचीच,
शेवंता