व्याह्यांची खोली

सोमवार
आज मुलाकडे कायमचा राहायला आलो. घर ऐसपैस, सुनेने माझी बॅग स्वतः आत नेली. मुलगा भूकंपाच्या कचेरीत आहे. हादरा पोचायच्या आधी भोंगा वाजवायचा आणि कुठे किती पडझड, किती माणसं दबली, याचा अंदाज लगोलग काढायचा, हे त्याचं काम. तपासून पाहायला त्याने आपलंच घर संगणकात भरलंय. भिंती, खोल्या, सगळं. मला अर्धंच कळलं, पण छाती फुगली.

मंगळवार
सुनेचे वडीलही इथेच राहतात. मला कोणी बोललं नव्हतं. उन्हाची मोठी खोली त्यांची, मला जिन्यालगतची ओलसर. मुलगा त्यांना पप्पा म्हणतो, चहा आधी त्यांना. मी जरा खोकून दाखवलं. व्याही म्हणाले, हा खोकला आहे की तक्रार? सगळे हसले. मीही हसलो, पण लगेच उठून माझ्या खोलीत आलो.

गुरुवार
मुलगा बाहेर असताना संगणक आपोआप उजळला. घराचा नकाशा. व्याह्यांची खोली लालभडक, खाली लिहिलेलं: भिंत कोसळेल, माणसे एक. संध्याकाळी विचारलं, हा आपोआप चालू होतो का रे? म्हणाला, छे, वायर काढूनच ठेवतो. काय दिसलं ते सांगितलं नाही. त्याच्या पप्पांची काळजी त्याने करावी.

शनिवार
पुन्हा लाल. पुन्हा एक. गप्प बसलो. बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू?

रविवार
घात झाला. व्याही म्हणाले, ओलीने तुमचा खोकला वाढतोय, माझी खोली घ्या. मी नको नको म्हणतोय तर मुलगा म्हणाला, बाबा, आठवडाभर तोंड फुगवून बसलात, आता मिळतेय तर घ्या की! खाट उचलून नेलीसुद्धा.

सोमवार
लाल. एक. तो एक आता मी —
जुनी खोली परत मागितली. सून म्हणाली, बाबा, आता ऊनही टोचायला लागलं का? खरं सांगावं, तर इतके दिवस का गप्प होतो तेही — मुलाला काय तोंड —

मंगळवार
रात्रभर भिंतीकडे बघत बसलो. व्याह्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, घाबरता काय, मी आहे ना सोबतीला. माझ्या खाटेशेजारी गादी टाकली. दुपारचे घोरतायत.
संगणक पाहून आलो. माणसे दोन —
हलवलं त्यांना. म्हणतात, पडा हो जरा —
सांगतो आता. सगळं सांग —
भोंगा —
उठले. दाराकडे नाही, माझ्याकडे येतायत, हात पुढे करून, आणि त्यांच्या मागची भिं