आटेल तेवढंच खारं पाणी

तीर्थस्वरूप आत्यास,

ओल्या हातांनी साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? उगाच जिने चढू नकोस. इकडे सगळे ठीक आहेत, तुझा मासाही (हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील).

त्याच्या टाकीतलं खारं पाणी आटलं की साधं शुद्ध पाणी भर, असं तू जाताना बजावलं होतंस. तसंच करत होतो. पण मधेच मला काच घासायची हुक्की आली आणि मी बादल्या भरभरून खारं पाणी उपसलं. भरताना मात्र सवयीनं साधंच भरलं. (वाफेबरोबर मीठ जात नाही, बादलीबरोबर जातं, हे मला आता कळलं, तुझ्या भाचेसुनेला आधीच माहीत होतं म्हणे.) संध्याकाळी मासा कोपऱ्यात तोंड खुपसून बसला. मीठ मोजायचा मापक बुडवला तर काटा पार खाली. मी स्वयंपाकघरातून मिठाची बरणी आणली, तेवढ्यात हिनं मनगट धरलं. "मासा पाळायचाय, मुरवायचा नाही," म्हणाली.

मासेवाल्या दुकानदारानं फोनवर सांगितलं, घरचं मीठ चालत नाही आणि एकदम खारट झालं तर मासा सोसणार नाही. त्याच्याकडचं समुद्री मीठ बाहेर विरघळवून रोज जेवढं पाणी आटेल तेवढंच ते खारं पाणी भरायचं. म्हणजे पाणी आटायची वाट बघणं हाच आमचा उद्योग झाला. सासरेबुवांनी (सासूबाई गेल्यापासून आमच्याकडे असतात, बोलत जवळजवळ नाहीतच) मुकाट्यानं टाकीचं झाकण काढलं, पंखा तिकडे वळवला आणि मासा बाहेर उडू नये म्हणून पहाऱ्याला खुर्ची टाकली. मासा उडालाच, थेट त्यांच्या मांडीवर. त्यांनी ओंजळीत धरून तो अलगद परत सोडला आणि मग त्याला असं काही फैलावर घेतलं की आम्ही दोघं दारातच थबकलो. इतकं बोलताना त्यांना कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

हळूहळू काटा जागेवर आला. मासा खातोय, हिंडतोय.

तुझा आज्ञाधारक (यापुढे तरी) भाचा

ता. क. : तू आलीस की टाकी लगेच पोचवतो.

आणखी ता. क. : वरची ओळ खोडली आहे असं समज. आत्या, टाकी इथेच राहू दे. मागतोय मी; सासरेबुवांना विचारशील तर "मला काय करायचाय मासा" म्हणतील. आत्ता त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवताहेत.