चवरीवालीचे डोळे

२ फेब्रुवारी

आले बाई एकदाची नोकरीवर! पुंडलिकनगरात खोली मिळाली आहे. गॅलरीत सकाळचं ऊन येतं आणि मालकीणबाई चहा पाजल्याशिवाय जिना उतरू देत नाहीत. पेणहून निघताना आईने डोळ्याला पदर लावला होता, जणू मी संभाजीनगरला नव्हे, काळ्या पाण्यावर चालले होते.

शाळेत चित्रकलेची बाई म्हणून रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी लॉटरी लागली. श्रीलंकेतल्या एका शाळेची मुलं शैक्षणिक सहलीला येताहेत. अजिंठा, वेरूळ, दौलताबादचा किल्ला बघायचा आणि आमच्या मुलांबरोबर अजिंठ्याच्या एका चित्राची मोठ्या पडद्यावर नक्कल काढायची. मुख्याध्यापिका रत्नमाला मॅडमनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. घालू देत. गणपती रंगवणाऱ्या घरातली पोर मी, रंगाला भिणार आहे थोडीच!

६ फेब्रुवारी

पाहुणे परवा आले, पडेगावच्या वसतिगृहात उतरलेत. त्यांच्या रणसिंघे मिस मऊ बोलतात, पण मुलांवर लक्ष घारीसारखं. आमचं सगळं इंग्रजीत चालतं. बारा वर्षांची हिरुनी आल्यापासून माझ्या ओढणीला धरून आहे. पहिल्यांदाच घर सोडलंय तिने. शाळेचे शिपाई सखाराममामा, त्यांनी तिला ‘लई भारी’ शिकवलं. तेव्हापासून अजिंठा लई भारी, फर्दापूरचं जेवण लई भारी आणि कारल्याची भाजीसुद्धा लई भारी! पोरीचा हात विलक्षण आहे. मोठी होऊन आजोबांसारखी देवळांतली चित्रं काढणार म्हणते. मला तर लळाच लागलाय तिचा.

काल अजिंठ्याला चित्र ठरलं: राणी, आणि तिच्यामागे चवरी ढाळणारी दासी. दासीच्या डोळ्यांवरचा गिलावा पडून गेलाय, तिथे नुसता मातकट डाग आहे.

१० फेब्रुवारी

सभागृहात पडदा टांगून रंगवला, सुरेख झालाय. फक्त चवरीवालीचे डोळे राहिले होते. रणसिंघे मिस म्हणाल्या, ते कोरेच राहू द्या. त्यांच्याकडे मूर्तीचे डोळे सर्वांत शेवटी रंगवतात. चित्रकार पाठमोरा उभा राहतो आणि आरशात बघून रंग लावतो. समोर माणसाला फिरकू देत नाहीत, कारण उघडलेली पहिली नजर ज्याच्यावर पडेल त्याचं काही खरं नाही.

मला हसूच आलं. पेणच्या पोरीला डोळ्यांची आखणी शिकवताहेत! माझे वडील अण्णा दरवर्षी शेकडो गणपतींचे डोळे आखतात, तोंडात पान धरून. आमच्याकडे मूर्तीत प्राण गुरुजी आणतात, रंगारी नाही.

दुपारी मिस बाकीच्या मुलांना घेऊन बाजारात गेल्या. सखाराममामा झाडायला आले आणि पडद्यासमोर थबकले. “लई भारी झालंय मॅडम. पण ही एकलीच बाई आंधळी का ठिवली वो?”

झालं! आमच्या कारखान्यात डोळ्यांवाचून मूर्ती बाहेर जात नाही. मला ती कोरी जागा बघवेना. हिरुनी काळ्या रंगाची वाटी धरून पडद्यासमोर उभी राहिली. माझी सावली चेहऱ्यावर पडू नये म्हणून मी बाजूला सरकले, अण्णांनी शिकवलं तसं, आणि दोन्ही बुबुळं टेकवली.

हिरुनीच्या हातून वाटी निसटली.

११ फेब्रुवारी

दौलताबादहून आत्ता परतलो. लिहून काढलं नाही तर डोकं फुटेल.

हिरुनी सकाळपासून धडपडत होती. न्याहारीला पोह्यांऐवजी चहात बोटं बुडवली. मला वाटलं, झोप झाली नसेल. किल्ल्याच्या पायऱ्यांशी, भर उन्हात, ती दोन्ही हात पुढे करून चाचपडू लागली. मी तिला बाजूला घेतलं. तिला किल्ला दिसतच नव्हता. शाळेचं सभागृह दिसतंय, म्हणाली. रिकामे बाक, खिडकी, आणि डोक्याला मफलर गुंडाळून झाडणारे सखाराममामा.

मी मामांना फोन लावला. सभागृहच झाडत होते. डोक्याला काय बांधलंय, विचारलं.

“मफलर हाय की. धूळ लई उडतीय. का वो मॅडम?”

त्यांना म्हटलं, पडद्यावर चादर टाका. फोन अजून कानालाच होता आणि इकडे हिरुनी किंचाळली. सगळा काळोख झाला, म्हणाली.

चादर लगेच काढायला लावली.

१२ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणतात डोळे ठणठणीत आहेत. उन्हाचा त्रास. विश्रांती.

रणसिंघे मिसना सगळं सांगितलं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांच्याकडे म्हणे पहिली नजर पाण्याच्या मडक्यावर पाडतात आणि मडकं फोडून टाकतात. इथे मडकं नव्हतं, पोर होती. नजर परत कशी आणायची ते त्यांना ठाऊक नाही. आजवर कुणावर ती वेळच आली नव्हती. उद्या त्यांचं विमान.

हिरुनीने विचारलं, आता मी चित्रं कशी काढू? मी हे केलं आहे. मी. फार भीती वाटते —

१३ फेब्रुवारी, सकाळ

सुचलंय. एका चेहऱ्यात डोळ्यांची एकच जोडी मावते. जुने पुसायचे, नवे आखायचे. या वेळी समोर मी. बाजूला सरकायचं नाही.

पण पुसल्यावर हिची नजर कायमचीच गेली तर — नाही, तसं —

हिरुनीला विचारलं. ती म्हणाली, पुसा. मिसनी तिचा हात घट्ट धरलाय.

ओला बोळा घेतला आहे. अण्णा, तुमचा हात द्या —

दुपार

तिला दिसतंय! खिडकीबाहेरचा कडुलिंब दिसला तिला! मिसच्या गळ्यात पडून रडली. मी पाहिलं. उंचावरून, पडद्यावरून.

ओळी वेड्यावाकड्या येत असतील. वही दिसत नाही. समोरच्या बाकावर एक बाई मान घालून लिहितेय, वेणी सुटलीय तिची. ती मीच.

मिसनी विचारलं. दिसतंय म्हटलं. खोटं नव्हतं ते. पोरीच्या मनावर ओझं नको. ती विमानात बसू दे. मग पडदा खोलीवर नेईन, टांगेन, त्याच्यासमोर राहीन — निभेल —

रत्नमाला मॅडम आल्या. हार, भाषण. पाहुण्यांना आठवण म्हणून — पडदा — श्रीलंकेला —

नको म्हणाले. मोठ्याने म्हणाले. टाळ्यांत कुणालाच —

मामा शिडीवर. त्यांचा हात, केवढा मोठा. दोरी सोडली. छत दिसतंय. पंखा. मामांचा चेहरा, अगदी जवळ —

“डोळे लई जित्ते काढले मॅडमनी.”

मामा, थांबा, गुंडाळू नका, मी इथं आहे, मी — कापडाची कड वर येतेय — जरासा उजेड आहे अजून — जरासा —