पाठीतली तार

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार, पण वाकून नव्हे. वाकायला इथे सक्त मनाई आहे.

ताई, तार लागू पडली! कण्याच्या आत, मज्जारज्जूलगत सुतळीहून बारीक तार सरकवली आहे आणि कमरेला डबी. डबीतून हलकी वीज गेली की मुंग्या येतात आणि दुखणं मागे सरतं. तार बसवताना मला जागं ठेवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मुंग्या कुठे?" मी म्हटलं, "डाव्या पोटरीत. दुखतं त्याच्या चार बोटं खाली." त्या हसल्या, "असे पेशंट रोज मिळोत!" मोटारींचं वाइंडिंग मी कुणाकडे न जाता, तारेचा एकेक वेढा मोजत शिकलो, एवढं नेमकं तर सांगता यायलाच हवं.

सध्या ही आठवड्याची चाचणीच. दुखणं निम्म्यानं तरी कमी झालं, तरच कायमचं यंत्र.

आणि काल मी माती खाल्ली. चप्पल पलंगाखाली गेली, ती सरळ वाकून काढली. नर्सबाई ओरडल्याच, "अहो, तार सरकेल ना!" एक्स-रे होईपर्यंत जीव टांगणीला. तार जागच्या जागी होती. डॉक्टरीणबाई आधी खूप रागावल्या, मग एकदम थांबल्या. "वाकताना दुखलं नाही?"

ताई, मी दुखायचं विसरूनच गेलो होतो!

सोमवारी कायमचं यंत्र बसवणार. नंतर वाइंडिंगचं दुकान दोनेक महिने बंद राहील, ते बघू. आईला ऑपरेशन म्हणू नकोस, तपासणी म्हण. तुझा गुडघा कसा आहे? खरं लिही.

रात्रभर गाढ झोपलेला,
तुझा धाकटा