दोन्ही चाकं एकाच बाजूला

भाऊ, गाडी देताना नीट सांगायला तुझं तोंड दुखत होतं का? ती बोटभर बाटली डिकीत ठेवलीस आणि म्हणालास, ताई, तेल बदलशील तेव्हा हीपण लागेल. कुठे लागेल ते कोण सांगणार? मी शिलाई मशिनला घातली. (मशिन लोण्यासारखी चालते, पण कपड्यांना कुजक्या लसणाचा वास येतो. दोन गिऱ्हाइकं तुटली.) असो. तुला आशीर्वाद, तुझा खोकला कसा आहे, बायकोला विचारलंय म्हणून सांग.

तर मागच्या चाकांमधल्या त्या गोळ्यात (तू डिफरन्शियल म्हणतोस, माझी जीभ अडखळते) मी मिस्त्रीकडून नुसतंच तेल भरून घेतलं. तेव्हापासून दर वळणावर गाडी अशी कण्हायला लागली की लोक दारात येऊन बघायचे. मी गॅरेजात जाऊन मिस्त्रीला चारचौघांत झापलं. त्याने गाडी मागून उचलली. मी एक चाक हाताने फिरवलं, तर दुसरंही त्याच बाजूला फिरलं. शेजारी टॅक्सी उचललेली होती, तिचं फिरवलं तर दुसरं उलटं गेलं. म्हटलं, बघ, आमचं अडकलंय. तो म्हणाला, बाई, ह्या गोळ्याची खुबीच ती, एक चाक घसरलं तर दुसरं ओढतं. मी म्हटलं, मला शिकवू नकोस, टॅक्सीसारखा बसव. त्याने मोडीतून आणून बसवला. कण्हणं थांबलं आणि मी आठवडाभर मान ताठ करून फिरले.

मग लेकीच्या सासरी गेले. त्यांच्या दारापुढे चढ आणि नळ फुटून झालेला चिखल. निघताना एक चाक चिखलात गरगर फिरतंय, दुसरं जावयासारखं ढिम्म. (हे मी मनात म्हणाले असं मला वाटतं. जावई शेजारीच उभे होते, त्यांना तसं वाटत नाही.) शेवटी विहीणबाई बाह्या सरसावून मागून रेटायला लागल्या आणि मी घाईघाईने ॲक्सिलेटर दाबला. आरशात बघते तर बाई ओळखू येईनात. चष्मा पुसत एवढंच म्हणाल्या, "एकटंच चाक राबतंय हो. तुमच्या घरची हीच पद्धत का?" लेक तशीच आत गेली. तेव्हापासून माझा फोन उचलत नाही. गॅरेजसमोरून जायची लाज वाटते म्हणून मी लांबच्या रस्त्याने जाते.

तुझी ताई

ता. क. जुना गोळा मिस्त्रीने टाकला नाही, फडक्यात गुंडाळून ठेवलाय. परत बसवायला तूच सांग त्याला, मला तोंड नाही. आणि दुसरी बाटली पाठव, ती गोळ्यातल्या तेलात घालायची होती हे आता कळलं.

आणखी एक. गोळा तूच बदललास, मला पत्ताही नव्हता, असं मी विहीणबाईंना सांगून बसलेय. आधी मिस्त्रीचं नाव ओठावर आलं होतं, पण त्याला एकदा फुकट झापलंय, पुन्हा धजले नाही. तू घरचा आहेस. शुक्रवारी विहीणबाई लेकीला घेऊन माझ्याकडे येणार आहेत. चूक तुझी होती असं चार ओळींत लिही, त्यांना वाचून दाखवीन. गुरुवारपर्यंत माझ्या हातात पाहिजे.