रखमाजी गोल का मारत नाहीत

५ जानेवारी, रविवार
नवीन वर्षाचे संकल्प. एक, रोज डायरी लिहिणे. पाच तारीख उजाडली, पण चांगल्या कामाला मुहूर्त लागतो. दोन, कुणालाही न घाबरणे. तसा मी घाबरट नाहीच. लोकांचा गैरसमज आहे.

आज होणाऱ्या सासुरवाडीला, कुंभार पिंपळगावला जेवण होतं. साखरपुडा डिसेंबरात झाला, लग्न वैशाखात. तृप्तीशी चार वाक्यं बोलायला मिळाली, चारही भाजीबद्दल. सासरे रखमाजीमामा. तरुणपणी कुस्त्या मारल्या, आता मोसंबीची बाग. दारात उभे राहिले की खोलीत अंधार होतो. थोरल्या मुलीचं, वंदनाताईंचं, पहिलं ठरलेलं लग्न त्यांनी साखरपुड्यानंतर मोडलं होतं. मुलगा म्हणाला तंबाखू खात नाही, आणि खिशात पुडी सापडली. तंबाखूचं काही नाही, मामा स्वतः खातात. खोटं बोलला म्हणून मोडलं. हा किस्सा आज त्यांनी मला वाढता वाढता सांगितला. दोनदा.

जेवण झाल्यावर मामा आडवे झाले. मी जरा मोबाईलवर गेम उघडला. फुटबॉल मॅनेजरचा गेम आहे. यात आपण खेळत नाही; टीम निवडायची, डाव आखायचा आणि मॅच बघत बसायचं. माझा क्लब, जुना जालना युनायटेड. मागून आवाज आला, काय करून राह्यले जावई? मी म्हणालो, टीम सांभाळतोय. मामा म्हणाले, म्हंजे गेम खेळून राह्यले. या वयात. तोंडातून निघून गेलं, मामा, यातले मेन स्ट्रायकर, म्हणजे गोल मारणारे, तुम्हीच आहात, तुमचंच नाव दिलंय.

दिलं नव्हतं. पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेलो आणि मोसंबीच्या झाडाआड उभं राहून दिलं. घाईत यादीत सगळ्यात वर दिसला त्या स्ट्रायकरला. नाव एकदाच बदलता येतं. बदलल्यावर लक्षात आलं की सीझनभरात एकही गोल न मारलेला गडी तो हाच.

मामा मात्र खूष. विचारलं, मारतो का मंग गोल? मी म्हणालो, मारता म्हणजे काय!

८ जानेवारी, बुधवार
संध्याकाळी मामांचा फोन. आज म्या किती गोल मारले?
मी म्हणालो, दोन.
खरे शून्य. पण हे खोटं नव्हे. हे आगाऊ सांगितलेलं खरं आहे. दोन-चार दिवसांत रखमाजी दोन गोल मारतील आणि हिशेब बरोबर होईल. प्रश्न फक्त डावपेचांचा आहे, आणि डावपेचात आपला हात धरणारा जालन्यात नाही. दोन्ही बाजूंनी विंगर लावले. ते कडेवरून उंच बॉल, म्हणजे क्रॉस, टाकतील, रखमाजी डोक्याने मारतील.

११ जानेवारी, शनिवार
भरपूर क्रॉस आले. सगळे रखमाजींच्या डोक्यावरून गेले. उंची तपासली. ठेंगणे निघाले. आधी तपासायला हवी होती, पण मोठ्या माणसाची उंची काय बघायची!

मामांना एक गोल सांगितला. ते म्हणाले, बस? परवा दोन मारल्ते ना? म्हणून दोन केले.
रात्री जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. तिळगूळ द्यायला पिंपळगावला गेल्यावर कळलं की मामांनी स्टँडवरच्या हॉटेलात सगळ्यांना सांगून ठेवलंय. त्यांचे दोस्त रामराव मला बघून म्हणाले, हे काय, रखमाजीचे मॅनेजर आले! मामांनी हातावर तिळगूळ ठेवला, डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, गोड बोला. खरं बी बोला. दुसरं वाक्य संक्रांतीत नसतं. माझ्यासाठी खास जोडलं का? विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं असतं, पण बस सुटत होती.
निघताना हॅटट्रिक सांगून आलो. का सांगितली ते मलाही माहीत नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार
आता शांत डोक्याने विचार केला. क्रॉस बंद. जमिनीवरून पास. रखमाजी समोर, मागून दोघांनी अलगद बॉल पायात द्यायचा. फक्त रखमाजींनी बॉलच्या मागे पळायला पाहिजे. त्यासाठी त्यांच्या नावावर बोट ठेवून 'जास्त पळा' हे बटण दाबावं लागतं. बोट ठेवलं. दाबलं नाही. मामांना पळा म्हणणारा जावई मराठवाड्यात अजून जन्मायचाय. त्यांना 'जागेवर थांबा' दिलं आणि गोलकीपर सोडून बाकीच्या नऊ जणांना दुप्पट पळायला लावलं.

हाफ टाइमला मॅनेजरने खेळाडूंशी बोलायचं असतं. तीन बटणं येतात: कौतुक करा, समजावून सांगा, रागवा. रखमाजींचं पहिल्या दिवसापासून कौतुकच चालू आहे. गेममधला असिस्टंट सारखा सल्ला देतो, रखमाजी यांना बाकावर बसवा. हा असिस्टंट मला बदलता आला तर बरं होईल.
मॅच हरलो. बाकीचे नऊ जण थकले होते.

२१ जानेवारी, मंगळवार
आज फोन तृप्तीचा. ती अंबडला बी.एड. करते. दुपारच्या सुट्टीत केला होता. सरळ विचारलं, आबांना तुम्ही रोज काय सांगून राह्यलात? मी म्हणालो, स्कोअर. ती म्हणाली, आबांना उशीर चालतो, उधळेपणा चालतो, काही बी चालतं, खोटं चालत न्हाई. आन् मला बी न्हाई. ते गोल खरे हायेत ना?
मी म्हणालो, बिलकुल.
ती म्हणाली, बरं.
ते 'बरं' दिवसभर कानात आहे. आता दोन माणसांशी खोटं झालं. म्हणजे आगाऊ खरं. छातीत धडधड होतेय. हवा बदलली आहे, बऱ्याच जणांना होत असेल.

२५ जानेवारी, शनिवार
क्लबच्या बोर्डाची ताकीद आली: निकाल सुधारा, नाहीतर मॅनेजर बदलू. जिकडे तिकडे मलाच बदलायला टपलेत.

मी बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये उगवण तपासतो. आज ओल्या कागदावर सोयाबीनचे दाणे रांगेत लावायचे होते. साहेब आले तेव्हा चार मागे, चार मध्ये, दोन पुढे असे लागले होते. एक दाणा एकटा मागे, तो गोलकीपर. साहेबांनी विचारलं, ही कुठली पद्धत? मी म्हणालो, नवीन आहे सर. पुढच्या दोन दाण्यांतला डावीकडचा रखमाजींचा. बघू उगवतो का.

२८ जानेवारी, मंगळवार
मामा रविवारी जालन्याला माझ्या खोलीवर येणार. रामराव आणि तृप्तीला घेऊन. मामा म्हणाले, कानानं लई ऐकलं, आता डोळ्यानं पाहू.

गेममध्ये प्रत्येक खेळाडूच्या नावाखाली त्याचे गोल लिहिलेले असतात. ते बदलता येत नाहीत. सगळीकडे बोटं दाबून बघितली. अजिबात येत नाहीत.

उपाय एक: गेम काढून टाकणे. काढला. परत घेतल्यावर सगळं जसंच्या तसं, शून्यासकट. उपाय दोन: ताप येणे. येत नाहीये. एरवी येतो.

१ फेब्रुवारी, शनिवार
लीगमधल्या सगळ्यात गरीब टीमशी सरावाच्या मॅच लावल्या. सगळे पास रखमाजींना, पेनल्टी रखमाजींना, फ्री किक रखमाजींना. पेनल्टी एकदा खांबाला लागली, एकदा गोलकीपरच्या हातात, एकदा कुठे गेली ते गेमलाही कळलं नाही. त्या टीमचा कीपर आमच्यामुळे 'सामनावीर' झाला.

शेवटचा उपाय: फोन बादलीत पडणे. पडला. वॉटरप्रूफ निघाला. घेताना दुकानदाराला मी स्वतःच विचारून घेतलं होतं.

२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी
मंडळी स्टँडवर उतरली, रिक्षात बसली. तृप्तीचा मेसेज. हात थरथरतायत म्हणून अक्षर असं येतंय. थंडी.
नाही, थंडी नाही. मी घाबरलोय. हे वाचणारं कोणी नाही म्हणून लिहून टाकतो. लग्न मोडलं तर काय करू, कळत नाही. मला तृप्ती आवडते.

२ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी
क्रमाने लिहितो.

मामा कॉटवर बसले, कॉट कुरकुरली. रामराव शेजारी. तृप्ती खिडकीशी उभी. मी मॅच लावली. मामांनी चष्मा लावून विचारलं, मी कोणता? मी दाखवलं. ते म्हणाले, उभाच हाय की. मी म्हणालो, संधीची वाट बघताय. अख्खा हाफ बघितली.

हाफ टाइमला तीन बटणं आली. तृप्तीने मोठ्याने वाचली. मामा म्हणाले, रागवा त्याच्यावर. मी म्हणालो, मामा, ते तुम्ही आहात. ते म्हणाले, मंग काय झालं, कामचुकारपणा करून राह्यलो ना? माझं बोट हलेना. शेवटी त्यांनी स्वतःच दाबलं. लगेच खाली अक्षरं आली: रखमाजी मॅनेजरवर नाराज आहेत. मामा म्हणाले, मी कशाला नाराज? आत्तापर्यंत तर नव्हतो.
दुसऱ्या हाफमध्ये रखमाजी पळाले. पहिल्यांदाच. पळता पळता सगळ्यांच्या पुढे जाऊन ऑफसाइड झाले, मग अजून एकदा झाले. मॅच संपली.

रामरावांनी सहज विचारलं, एकूण किती झाले आता? आणि तृप्तीने सहज नावावर बोट ठेवलं.
गोल: ०.

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. शून्य तिथेच. रामराव आपला चष्मा घरी विसरले होते, ते विचारत राहिले, किती? किती? मामा म्हणाले, रामराव, जरा खाली जाऊन चहा सांगून या. रामराव गेले. मला वाटलं, आता साखरपुड्याचं ताट परत येणार. मी म्हणालो, मामा, मी खोटं बोललो. पहिल्या दिवसापासून. मला तुमची भीती वाटते. लग्न मोडू नका.

मामांनी आधी दाराकडे बघितलं. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, जावई, तुम्ही दोन सांगायचे तवा म्या हॉटेलात पाच सांगायचो. रामरावनं येत्या रविवारी माझा सत्कार ठेवलाय. फ्लेक्स बी छापलाय, गोलसम्राट रखमाजी. आता मी तोंड कसं दाखवू?
एवढा मोठा माणूस, हात गुडघ्यांवर घट्ट दाबून बसला होता. मला आणखीनच भीती वाटली.

मामा म्हणाले, रामरावनं आकडा पाह्यला न्हाई. तुम्ही बोलू नका, मी बोलत न्हाई. मी पटकन हो म्हणालो. तेवढ्यात खिडकीजवळून तृप्ती म्हणाली, मी हाय ना इथं. तिने सांगितलं, रविवारी दोघांनी सगळ्यांसमोर खरं सांगायचं. न्हाई सांगितलं तर हे लग्न मी मोडते, आबांची गरज न्हाई. आवाज चढवला नाही, हे जास्त वाईट.
रामराव चहा घेऊन आले. कोणी प्यायला नाही. त्यांनीच प्यायला.

९ फेब्रुवारी, रविवार
सत्कार झाला. स्टँडसमोर मंडप, खुर्च्या, फ्लेक्सवर मामा फेट्यात आणि पायाशी कुणीतरी चिकटवलेला फुटबॉल. तृप्ती पहिल्या रांगेत. मामांनी माईक घेतला, खाकरले, परत खाकरले, म्हणाले, जावई सांगतील. आणि माईक माझ्या हातात.

मी चांगलं भाषण पाठ केलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही. म्हणालो, रखमाजीमामांनी एकही गोल मारलेला नाही. मी घाबरून खोटं सांगत होतो. तेवढंच.
मागून एकजण म्हणाला, मंग रखमाजी, तुम्ही तं चाळीस सांगितल्ते! मामांनी माईक परत घेतला आणि म्हणाले, म्या वाढवून सांगितले. चुकलं माझं. मग लोक जे हसले ते हसले. रामरावांनी शाल घातली, कारण आणलेली होती. नारळही दिला. देताना मामांकडे बघितलं नाही.

मामांबरोबर घरापर्यंत चालत आलो. दारात थांबले, खांद्यावरची शाल काढली, घडी घातली. म्हणाले, वंदीच्या त्या पोरानं एक पुडी लपवल्ती. एक पुडी. घाबरला असंल माझ्याला. आणि आत गेले. वंदनाताई आता बीडला सुखात आहेत, दोन मुलं आहेत. मी तसं म्हणालोही, पण त्यांना ऐकू गेलं नसावं. मला त्यांच्या मागे आत जायचं होतं. गेलो नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
क्लबने मला काढून टाकलं. सकाळीच. कारण: खेळाडूंवर वचक नाही. गेम बंद. कायमचा. हा निर्णय मी आधीच घेतला होता.

संध्याकाळी तृप्तीचा फोन. मी उभं राहूनच उचलला. लग्न होणार, ती म्हणाली. वैशाखातच. मी खाली बसलो. पण तिची एक अट आहे. तोपर्यंत रोज फोनवर तिला स्वतःबद्दलची एक खरी गोष्ट सांगायची. मी म्हणालो, एवढंच ना, रोज दोन सांगतो. ती म्हणाली, एकच सांगा. आजपासून.

बराच विचार केला. मग म्हणालो, मला फार भीती वाटते. मामांची, साहेबांची, तुमचीसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगतोय.
तृप्ती म्हणाली, हे तर साखरपुड्यातच सगळ्या पिंपळगावला दिसल्तं. दुसरं सांगा.
उद्या सांगतो म्हणालो. अजून सुचलेलं नाही.